चाक नसलेल्या वस्तू

सोमवार, २ जानेवारी १९८९

कारखान्याला हत्यारे-अवजारे पुरवणाऱ्या एका कंपनीने ही डायरी दिली. साहेबांना चामडी मिळाली, आम्हा तपासनीसांना रेक्झिनची. पाने दोन्हींत सारखीच आहेत. मी मोजून पाहिली.

हिच्यात घरगुती रडगाणे लिहायचे नाही असे ठरवले आहे. फक्त रस्त्याचे काम. रस्ता म्हणजे आमच्या बराकीसमोरचा, उल्हासनगर कॅम्प १ मधला, फर्निचरवाल्यांच्या लाइनीचा. रुंदी बेचाळीस फूट चार इंच (पोलादी टेपने तीन ठिकाणी मोजून काढलेली सरासरी). हा रस्ता एक पूर्ण दिवस सर्व वाहनांना बंद करून घ्यायचा, असा माझा संकल्प आहे.

उद्या डायरी कोणाच्या हाती लागली तर अडचण नको म्हणून ओळख एकदाच लिहितो. शिवराम, वय एकोणपन्नास, शिक्षण सातवी. अंबरनाथच्या कारखान्यात माप-तपासनीस, सव्वीस वर्षे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, इंग्रजी आणि टंकलेखन या चारही गोष्टी स्वतः शिकलो. डिप्लोमा झालेली पोरे अडली की माझ्या टेबलाशी येतात. बरोबर आलेले माप मी कधी उचलून धरत नाही, ते बरोबर असायचेच असते. चुकलेले मात्र परत पाठवतो.

गुरुवार, ५ जानेवारी

शालनने (पत्नी) विचारले, "रस्ता बंद करून काय करणार?"

"काही नाही. बंद राहील."

"आणि मग?"

"मग संध्याकाळी उघडेल."

ती दारातल्या स्टुलावर बसून मेथी निवडत होती. समोर पाहून म्हणाली, "अक्काने आज वेणी नाही घातली. बबनला कुठून जमणार म्हणा."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण द्रौपदी. रस्त्याच्या पलीकडच्या बराकीत मुलाजवळ, बबनजवळ, राहतात. आमचे दार ते त्यांचे दार, अंतर एकावन्न फूट. दिवाळीत अक्कांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. तेव्हापासून त्यांची खाट दारात असते. दोघी बहिणी दिवसभर आपापल्या दारातून एकमेकींकडे पाहतात. अक्का डावा हात हलवतात, ही दोन्ही हलवते. डबा शेजारची कोणी नेऊन देते.

हे घरगुती झाले. पण अंतर लिहायचे होते म्हणून लिहिले.

रविवार, ८ जानेवारी

सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दारात बसून वाहने मोजली. रिक्षा १,१०४. टेम्पो ३८६. स्कूटर व मोटारसायकली ९१७. ट्रक ५८. टांगे ११. हातगाड्या वेगळ्या धरल्या. लग्नसराईमुळे टेम्पो वाढलेत, कपाटे न् पलंग घेऊन जातात. दर वीस टेम्पोंनी शालन स्टूल सहा-सात इंच मागे घेई. संध्याकाळी ती स्टुलासकट स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होती.

गुरुवार, १२ जानेवारी

अर्ज घेऊन चौकीत गेलो. टंकलिखित, तीन प्रती, सोबत वाहनांचा तक्ता व रस्त्याचा नकाशा. महिपती हवालदार बसले होते. नकाशा त्यांनी उलटा धरला. मी सरळ करून दिला.

"मिरवणूक कशाची?"

"मिरवणूक नाही."

"लग्न?"

"नाही."

"मयत?"

"नाही."

"मग रस्ता बंद कशापायी?"

"वाहने येऊ नयेत म्हणून."

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "हे बघा, चौदा एप्रिलला आपण रस्ता बंद करतोच. मी स्वतः उभा असतो बंदोबस्ताला. तोवर दम धरा."

"जयंतीला मिरवणुकीचे ट्रक असतात. मला एकसुद्धा चाक नकोय. आणि एप्रिल उशिराचा आहे."

"कशाला उशिराचा?"

मी वाहनांचा तक्ता पुढे सरकवला.

"अर्जात कारणाचा रकाना आहे, साहेब. तो रिकामा चालत नाही. सत्यनारायण लिहा, सप्ताह लिहा, काहीही लिहा."

मी म्हणालो, खोटे लिहिणार नाही. ते म्हणाले, मग बसा मोजत. टोमणा असावा. मी चहा न घेता निघालो.

रविवार, १५ जानेवारी

अक्कांचा मुलगा बबन आला. तो रिक्षा चालवतो. त्याने वांगणीला नवीन इमारतीत खोली घेतली आहे. इथली विकली. मार्चच्या सुमारास जाणार हे कानावर होतेच, आज तारीख कळली: ताबा द्यायचा आहे बुधवारी, १ मार्चला.

"मावशी, आईला नेणार मी. तिथं तळमजला आहे, हवा आहे. इथं धूळ खाऊन खाऊन मरायची ती."

शालन म्हणाली, "बरं केलंस." मग आत गेली आणि चहा न आणता बाहेर आली.

बबन म्हणाला, "एकदा चल ना पलीकडं. माझ्या रिक्षात बस, डोळे मीट. यू टर्न मारला की घर."

"नको रे."

"मावसा, तुम्ही तरी सांगा तिला."

इथे एक बाब नोंदवणे भाग आहे, कारण ती रस्त्याच्या कामाशी संबंधित आहे. गेल्या सतरा ऑगस्टला, बुधवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी व शालन रस्ता ओलांडत होतो. कपाटांनी भरलेला टेम्पो डावीकडून येत होता. मी अंदाज घेतला आणि म्हणालो, "चल." मी पुढे झालो. ती एक पाऊल मागे होती. टेम्पोचा वेग मी ताशी पंधरा किलोमीटर धरला होता. तो वीस ते बावीस असावा. शालनच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. दवाखाना, खिळा, मग काठी. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळले, आता चाला. ती चालते. नळावर जाते, विहारात जाते, गिरणीत जाते. ही सर्व ठिकाणे रस्त्याच्या अलीकडे आहेत.

त्या दिवसापासून पाच महिने ती पलीकडे गेलेली नाही. रिक्षातही बसत नाही. रस्त्याच्या कडेपर्यंत येते, चाक दिसले की पाऊल उचलत नाही.

मी बबनला म्हणालो, "मी काही सांगणार नाही. व्यवस्था करतोय."

तो म्हणाला, "तुमची व्यवस्था होईपर्यंत आई वांगणीला पोचंल."

रविवार, २२ जानेवारी

बराकीच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे चुन्याने रस्ता आखला, बरोबर बेचाळीस फूट चार इंच. शालनला म्हणालो, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत चालून दाखव.

"हातात बादली आहे."

"बादलीसकट."

ती सव्वीस पावलांत गेली, परत आली, म्हणाली, "झालं? धुणं राहिलंय." उजवा-डावा पाय टेपने मोजले. फरक नाही. म्हणजे दोष पायात नाही, रस्त्यात आहे. तपासणीचा नियमच आहे, दोष कुठे नाही ते आधी ठरवायचे.

शेजारच्या बायका हसत होत्या. एक म्हणाली, "भावजी, सिग्नल पण बसवा."

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

चौकीत पाचव्यांदा गेलो. कारणाच्या रकान्यात मी आता "पायी चालणे" असे लिहिले आहे. ते खरे आहे. महिपती हवालदारांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, दुकानदारांची ना-हरकत आणा, मग साहेबांपुढे ठेवतो. त्यांना वाटले असणार, दुकानदार उभे करणार नाहीत.

थेट होतचंदशेठकडे गेलो. लाइनीतले सर्वात मोठे दुकान त्यांचे आणि संघटनेचे अध्यक्षही तेच. सतरा ऑगस्टचा टेम्पो त्यांच्याच दुकानातून निघाला होता. दवाखान्यात ते दोनदा आले, शहाळी घेऊन. शालनला बहीण म्हणतात. पण तत्त्वाच्या कामात ओळख मध्ये आणायची नाही, म्हणून मी टेम्पोचा विषय काढला नाही.

माझा तक्ता त्यांनी लक्षपूर्वक पाहिला. असा वाचक मला आजवर कारखान्यातही मिळालेला नाही.

"पूरा संडे?"

"सात ते सहा."

"गाडी बिलकुल नहीं?"

"एकही नाही."

"रिक्षा, टेम्पो, हातगाडी, कुछ भी नहीं? साईं, रस्ता कितना चौडा है अपना?"

मी सांगितले. इंचासकट. त्यांनी मुनीमजींना ते लिहून घ्यायला लावले. मग विचारले, दोन दुकानांच्या पायऱ्यांमध्ये किती, नाल्याच्या झाकणापासून खांबापर्यंत किती. मी नकाशाची एक प्रत देऊन टाकली. सव्वीस खांब, सर्व झाकणे त्यात आहेत.

"शिवरामभाई, तुमने बहोत बढिया सोचा है. लग्नाचा सीझन आहे, फिर भी हम लोग साथ देगा." सही करून शिक्का मारला. बाकीच्या एकवीस दुकानदारांच्या सह्या त्यांनी संध्याकाळपर्यंत आणून दिल्या.

आकडे नीट मांडले की माणूस स्वतःच्या नुकसानीलाही तयार होतो, हे आज सिद्ध झाले.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

मंजूर. रविवार, २६ फेब्रुवारी, सकाळी ७ ते सायंकाळी ६. अक्का जायच्या तीन दिवस आधी.

शालनला कागद दाखवला. तिने सही-शिक्क्यावरून बोट फिरवले. "माझ्यासाठी केलं?"

मी म्हणालो, हे सार्वजनिक काम आहे.

"बरं," ती म्हणाली.

रविवार, १२ फेब्रुवारी

बंदीच्या फलकासाठी वाहनांची यादी पूर्ण केली. "वाहने" एवढेच लिहिले असते तर लोकांनी पळवाटा काढल्या असत्या. म्हणून सतरा प्रकार नावानिशी लिहिले: ट्रक, टेम्पो, मोटार, रिक्षा, सायकल रिक्षा, स्कूटर, मोटारसायकल, लुना, सायकल, टांगा, बैलगाडी, हातगाडी, ऊसगाडी, कुल्फीगाडी, चाकाची खुर्ची (रुग्ण वगळून), मुलांची तीनचाकी, आणि शेवटी "चाक असलेली कोणतीही अन्य वस्तू". सतरावा प्रकार मला पहाटे सुचला. त्याने फट उरली नाही.

बबनने यादी पाहिली. "मावसा, माझा एक दिवसाचा धंदा बुडाला तो बुडाला. कुल्फीवाल्यानं काय घोडं मारलंय?"

"चाक."

माझी सायकलही बंदीत येते. त्या दिवशी ती घरात टांगून ठेवीन.

शनिवार, १८ फेब्रुवारी

शालनने अक्कांसाठी रेशमी रिबिनी आणि खोबरेल आणून ठेवले आहे. फणी आहेच. रात्री जेवताना म्हणाली, "तुम्ही 'चल' म्हणू नका हं त्या दिवशी."

"का?"

"उगीच."

मी म्हणालो, रस्त्यावर शून्य वाहने असताना चल म्हटले काय न् नाही म्हटले काय, गणिताने फरक पडत नाही. तिने मला अजून एक भाकरी वाढली. मी मागितली नव्हती.

शनिवार, २५ फेब्रुवारी

दोन्ही टोकांना बांबू, फलक, लाल कापड. महिपती हवालदारांची ड्यूटी पूर्वेच्या टोकाला. माझ्याकडे शिट्टी, घड्याळ, वही. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद मी स्वतः करणार.

होतचंदशेठच्या दुकानात दिवसभर फडके मारणे चालू होते. सुट्टीच्या आदल्या दिवशी माणूस साफसफाई करतो.

रविवार, २६ फेब्रुवारी

हे क्रमाने लिहितो.

७.०० बांबू आडवे केले. शिट्टी वाजवली. शेवटची रिक्षा पश्चिमेकडून बाहेर गेली.

७.०४ रस्त्यावर चाक नाही. मी इथे अठरा वर्षे राहतो. रस्त्याचा रंग आज कळला. मध्यभागी करडा आणि कडेला काळपट आहे. एक कुत्रे मधोमध येऊन बसले.

७.२० शालन आली. नवीन निळे लुगडे. हातात पिशवी, तीत फणी, तेल, रिबिनी. पलीकडे अक्कांना बबनने उशी लावून बसते केले होते. त्यांनी डावा हात वर केला.

शालन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे झाली. सात झाली. मी जवळ जाऊन म्हणालो, "शून्य आहे. मी मोजलेय. दोन्ही बाजूंना अर्धा फर्लांग काही नाही. चल."

म्हणायचे नव्हते. तोंडातून गेले.

तिने पाऊल उचलले, खाली ठेवले नाही, परत मागे घेतले. तिचा चेहरा ऑगस्टातल्यासारखा झाला. "केवढं मोकळं आहे हो," ती म्हणाली. "धरायला काय नाही."

७.३१ ती घरात गेली. पलीकडे अक्कांचा हात अजून वर होता. बबनने तो धरून खाली ठेवला.

८.३५ होतचंदशेठच्या नोकरांनी एक सोफा आणून रस्त्याच्या मध्यापासून सहा फुटांवर ठेवला. मी शिट्टी वाजवली. त्यांनी दुसरा आणला.

"होतचंदशेठ, हे काय?"

"क्या हुआ, साईं?"

"रस्ता बंद आहे."

"गाडीको बंद है." त्यांनी माझाच फलक बोटाने वाचला, पहिल्यापासून सतरापर्यंत, एकही न गाळता. मग वाकून सोफ्याच्या खाली पाहिले. मलाही पाहायला लावले. "चक्का किधर है?"

चार लाकडी पाय होते.

मी महिपती हवालदारांना बोलावले. त्यांनी परवानगी वाचली. वाहनांबद्दल होती. चाक नसलेल्या वस्तूंबद्दल मी एक अक्षर लिहिले नव्हते. हवालदार म्हणाले, "यादी तुमचीच आहे साहेब, फार पक्की आहे," आणि सोफ्यावर बसले.

९.४० बावीसच्या बावीस दुकाने रस्त्यावर. सोफे, दिवाण, लोखंडी कपाटे, डायनिंग टेबले, आरसे. मांडणी माझ्या नकाशाप्रमाणे, झाकणे सोडून, खांबांना धरून. मान्य करावे लागेल, एकाही झाकणावर पाय नव्हता. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरपासून लग्नघरची माणसे आली. पेपरात छापून आणले होते म्हणे. कुल्फीवाल्याने गाडी बांबूपाशी सोडली आणि मटका डोक्यावर घेऊन आत आला. नियमात बसते.

१०.१५ दुकानदार टीव्ही ठेवायच्या ट्रॉल्या बाहेर काढू लागले. ट्रॉलीला चार चाके असतात. प्रकार सतरा. नऊ ट्रॉल्या परत आत घालायला लावल्या. होतचंदशेठ म्हणाले, "ये बात बराबर है," आणि स्वतः उचलू लागले. माणूस नियमाला पक्का आहे.

१०.५० दहाव्या ट्रॉलीसाठी जात असता आमच्या दारासमोर शालन दिसली. ती कडेला नव्हती. कडेपासून चार फूट आत, एका खुर्चीची पाठ धरून उभी होती. मग त्या खुर्चीवर बसली. नोकर म्हणाला, "बैठो मौसी, असली सागवान है." ती उठली, पुढच्या दिवाणाचा कठडा धरला, त्यावर बसली. फोम हाताने दाबून पाहिला.

मी गेलो. "शालन, ऊठ. हे अतिक्रमण आहे. आपल्याच घरचे माणूस त्यावर बसलेले दिसले तर मी तक्रार कोणत्या तोंडाने करू?"

"बसू द्या हो थोडं."

"किंमत विचारत होतीस का?"

"नाही. मोजत होते."

"काय?"

"अजून सोफा एक, मग ते कपाट, मग तीन खुर्च्या." तिने पलीकडे हनुवटीने दाखवले. कपाटाला पुढून आरसा होता. त्यात मी दिसत होतो, शिट्टी तोंडात.

मी तिला म्हणालो, निदान काही मोडू नकोस.

११.०५ लाइनीच्या पश्चिम टोकाला फिरती खुर्ची. ऑफिसातली, खाली पाच चाके. प्रकार सतरा निःसंशय. दुकानदार म्हणाला, ही चालत नाही, गोल फिरते. मी खुर्ची ढकलून सात फूट चालवून दाखवली. जमाव जमला. तो म्हणाला, "अंकल, अब रस्ते पे गाडी कौन चला रहा है?" हा वाद पंधरा मिनिटे चालला. शेवटी खुर्ची आत गेली.

११.२२ परत आलो तर शालन रस्त्यावर कुठेच नाही. घरात पाहिले, नाही. मग पलीकडे पाहिले. अक्कांच्या खाटेवर, अक्कांच्या मागे बसून ती त्यांच्या केसांना तेल लावत होती.

मी सोफे, टेबले ओलांडत तिकडे गेलो. मला वाकडे-तिकडे सदतीस पावले लागली. अक्कांचे बोलणे आजारापासून जड झाले आहे. माझ्याकडे पाहून, निम्म्या तोंडाने हसून म्हणाल्या, "आली... बसत बसत."

बबन पाठ करून स्टोव्हला पंप मारत होता. बराच वेळ मारत होता.

मी शालनला विचारले, किती वाजता पोचलीस? वहीत नोंद राहिली आहे. ती म्हणाली, "घड्याळ कुठं होतं माझ्याकडं? तुम्ही होतात ना बघायला."

मी फिरत्या खुर्चीपाशी होतो.

नंतरच्या नोंदी वहीत आहेत. एकूण अतिक्रमणाच्या वस्तू ४१२. पंच्याहत्तर टक्के रस्ता व्यापला. पायी चालणाऱ्यास सलग दहा फूटही मोकळे मिळत नव्हते. योजना पूर्ण फसली.

६.०० वस्तू आत गेल्या. होतचंदशेठ वेळेचे पक्के. बांबू काढले. सहा वाजून तीन मिनिटांनी पहिला टेम्पो आला.

तेव्हा लक्षात आले की शालन पलीकडे आहे.

मी तिला आणायला गेलो. अक्कांच्या दोन्ही वेण्या वर बांधल्या होत्या, रिबिनी लाल. बबन म्हणाला, "राहू दे मावशीला इथंच आजच्या दिवस." ती म्हणाली, "नको, यांचं जेवण व्हायचंय." आम्ही कडेला आलो. दिवे लागत होते. दिवसभर अडलेली सगळी वाहने एकदम सुटल्यासारखी येत होती.

तिने माझ्या शर्टाची बाही धरली. हात नाही, बाही. खुर्चीची पाठ धरावी तशी. मी डावीकडे पाहिले. रिक्षा, अंदाजे ऐंशी फूट, वेग...

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली.

मी बोललो नाही. तीन रिक्षा गेल्या. एक टेम्पो गेला, कपाटे भरलेला. बाही घट्ट झाली, पण ती मागे सरली नाही. मी उजवीकडे पाहणार होतो, पाहिले नाही.

"चला," ती म्हणाली.

मी चाललो. किती पावले, ते मोजले नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी

चौकीत अहवाल द्यायचा आहे. छापील नमुना. "बंदचा उद्देश सफल झाला काय?" मी लिहिले, "नाही." खाली कारणे, अनुक्रमे एक ते नऊ. पुढील वेळी अठरावा प्रकार, चाक नसलेल्या वस्तू, समाविष्ट करावा अशी शिफारस.

"पायी रस्ता ओलांडणारे: एकूण." माझ्या वहीची बेरीज २,२१६. तीनदा केली, बरोबर आली. स्वच्छ प्रत टंकित करून सही केली. मग लक्षात आले की त्यात एक माणूस नाही. ११.०५ ते ११.२२ मी जागेवर नव्हतो. त्या सतरा मिनिटांत आणखीही गेले असतील, त्यांचा मला पत्ता नाही. पण एकीचा आहे.

टंकित आकड्यात मी कधी खाडाखोड करत नाही. ६ खोडला, शाईने ७ केला, बाजूला आद्याक्षर घातले.

महिपती हवालदार म्हणाले, "एवढ्या हजारात एकाने काय होतं?"

मी म्हणालो, होते.

जाता जाता होतचंदशेठ भेटले. धंदा चांगला झाला म्हणे. ती सागवानी खुर्ची ताईंसाठी घरी पाठवू का, असे विचारत होते. मी नको म्हणालो. घरात जागा नाही. आणि तिला आता लागेल असे वाटत नाही.

बुधवार, १ मार्च

बबनने सामानाला टेम्पो आणला. अक्कांसाठी मागे गादी घातली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सव्वीस वर्षांत सातवी.

शालन म्हणाली, अक्काला मागे एकटीला कशी पाठवू, मी जाते सोबत, शनिवारी येईन. मी विचारले, टेम्पोत? ती म्हणाली, मग काय, चालत जाऊ वांगणीला?

मी पिशवी भरून दिली. मग पुढे होऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. नऊ वाजून दहा मिनिटे. वाहने थांबवायला हात वर केला. एक रिक्षा थांबली, दुसरी थांबली, एका स्कूटरवाल्याने शिवी दिली. मी हात खाली घेतला नाही, आणि मागे वळून तिला म्हणायला गेलो.

ती मागे नव्हती. पलीकडे टेम्पोत चढून अक्कांची उशी सारखी करत होती.